गवताचा गुत्ता

आमच्या मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. रस्त्याचा गुत्तेदार, वाळूचा गुत्तेदार, शाळेच्या खोल्यांचा गुत्तेदार. गावात या शब्दाला वजन आहे. गुत्तेदार म्हटलं की पांढरे कपडे, जीप आणि मागं दोन माणसं. मीही वीस-बावीस वर्षं गुत्तेदार होतो, पण गवताचा. वाळूजच्या कारखान्यांच्या आवारात वाढलेलं गवत कापून द्यायचं, हा माझा धंदा. सोयरिकीच्या बैठकीत कुणी विचारलं तर माझा मेव्हणा सांगायचा, "आमचे दाजी गुत्तेदार आहेत," आणि कशाचे, हा प्रश्न यायच्या आत चहा मागवायचा.

१९९१ च्या पावसाळ्यात मला पहिला गुत्ता मिळाला. त्या दिवशी संध्याकाळी दादांना सांगितलं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते ओसरीवर दाव्याला पीळ देत बसले होते.

"दादा, वाळूजच्या एका कंपनीतलं गवत कापायचं काम घेतलं. दोन हजार रुपये."

दादांनी पीळ थांबवला. "लई झाले रं. जागा केवढी?"

"तीन एकर. गवत मिसळ आहे."

"मंग दोन हजार देऊ नको. बाराशेवर ये म्हनावं."

"आपण नाही द्यायचे दादा. ते देणार आपल्याला."

"कामून?"

"गवत कापलं म्हणून."

"आन् गवत कोनाचं मंग?"

"आपलंच. उचलून न्या, कुठंही टाका म्हणतात."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. दाव्याचं टोक पायाच्या अंगठ्यात तसंच धरून होते. मग म्हणाले, "नीट इचारून घे. काहीतरी गडबड हाय."

दादांचं चुकत नव्हतं. त्यांच्या उभ्या जन्मात गवत कापणारा पैसे देत आला होता. ज्याचं गवत, तो पैसे घेत आला होता. त्याला आमच्याकडं हर्राशी म्हणत. दसऱ्याच्या आगंमागं दवंडी व्हायची की, अमक्या कुरणाची हर्राशी अमक्या दिवशी. वनखात्याचा माणूस झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा, दहा गावची माणसं गोल करून उभी राहायची. बोली पाच-पाच रुपयांनी चढायची. शेवटची बोली ज्याची, त्याला कुरण. पैसे मोजायचे, पावती घ्यायची. अटी ठरलेल्या असत. झाडाला हात लावायचा नाही, विस्तव न्यायचा नाही, ठरल्या दिवसाच्या आत कापून मोकळं करायचं. रेल्वेच्या रुळाकडच्या गवताचीसुद्धा बोली व्हायची. बांधावरचं गवत सोडलं तर फुकट काही नव्हतं. बांधावरच्या गवतावरूनही भाऊबंदकीत डोकी फुटत.

गवत म्हणजे नुसतं हिरवं असं आम्ही समजत नव्हतो. डोंगराच्या उतारावरचा शेडा आणि पवना वेगळा, काळ्या रानातला मारवेल वेगळा. मारवेल बैल आवडीनं खातो, गाईला दूध येतं. कुसळी मात्र वेळेत कापावी लागते. तिला कुसळं धरली की ती गुराच्या तोंडात रुततात, मेंढीच्या कातड्यात शिरतात. लवकर कापलं तर गवताला वजन नाही, उशीर झाला तर त्याची काडी होते. मधले पंधरा-वीस दिवस खरे. त्यातच बाजरी काढायची असते, त्यातच ज्वारी पेरायची असते. म्हणून घरातली सगळी माणसं, म्हातारीकोतारीसुद्धा, विळा घेऊन डोंगरात जायची. मूठ धरायची, विळा ओढायचा, चार-पाच मुठी झाल्या की गवताच्याच काड्यांना पीळ देऊन पेंढी बांधायची. हात बसलेली बाई दिवसाला शंभर पेंढ्या पाडायची. मी लहानपणी चाळीस पाडल्या तर आई म्हणायची, आज भाकरीपुरतं झालं.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळावर शिकलेल्या लोकांनी बरंच लिहून ठेवलं आहे. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडणारी माणसं, पाझर तलाव. ते सगळं आम्ही पाहिलं, खाल्लं आणि फोडलं. पण माणसाला सुकडी तरी मिळाली. बैलाला सुकडी चालत नाही. त्या साली खुलताबादच्या बाजूच्या डोंगरातलं एक कुरण हर्राशीला निघालं. गवत गुडघ्याच्या खालीच होतं, निम्मं वाळलेलं. एरवी पन्नास-साठला गेलं असतं. दादांनी आणि दोन चुलत्यांनी मिळून ते १६५ रुपयांना धरलं. आईचे चांदीचे गोठ लासूरला गहाण पडले. तिनं ते स्वतः काढून दिले, पण हातावरची पांढरी वळं बरेच दिवस पदराखाली झाकत होती, हे मला आठवतं.

दीड महिना मी शाळेत गेलो नाही. आम्ही डोंगरातच राहिलो, गाडीखाली झोपायचं. गवत इतकं आखूड की मुठीत धरायला यायचं नाही. मग विळा जमिनीला घासून कापायचा, दगडावर खणखण वाजायचा, दिवसातून पाच वेळा धार लावायची. मी, चुलत बहीण आणि आजी कापलेल्याच्या मागून वेचायचो. शेंगा वेचतात तसं गवत वेचलं आम्ही. तरी ते होळीच्या पुढं काही पुरलं नाही. एक बैल दादांनी औरंगाबादला छावणीच्या गुरुवारच्या बाजारात सत्तर रुपयांना विकला. घेणारा कोण होता आणि त्यानं बैलाचं काय केलं असेल, हे घरात कुणी विचारलं नाही. दुसरा राहिला. ७३ च्या मृगाला तो एक आणि चुलत्याचा एक अशी सावड करून आम्ही पेरलं. त्या हर्राशीची पावती दादांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली, सात-बाराच्या खाली. का ठेवली, कोण जाणे. आमच्या घरात कागद सहसा फाडत नाहीत.

छावणीचं नाव निघालं म्हणून थोडं मागं जातो. औरंगाबादची छावणी म्हणजे इंग्रजांच्या वेळची लष्कराची वस्ती. तिथं हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज असायची. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजाचा, असा तो कारभार होता. १८५७ साली याच फौजेतल्या इथल्या स्वारांनी बंड केलं होतं. १९०३ साली ती इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली. त्या घोडदळात स्वारानं घोडा आपला आणायचा, आणि दोन स्वारांमागं एक तट्टू आणि एक गवतकापा असा हिशोब असे. त्या माणसाला घसियारा म्हणत. पहाटे उठून तट्टू घेऊन रानात जायचं आणि दोन घोड्यांचं गवत दुपारपर्यंत आणायचं, एवढंच त्याचं आयुष्य. माझा आजा सांगायचा की, त्याच्या बापाच्या वेळी छावणीचे घसियारे आपल्या शिवारापर्यंत यायचे आणि त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. गवत नेलं म्हणून बोलणार कुणाला? हातात विळा त्याच्या आणि मागं पलटण.

त्याच्याही आधी मराठ्यांच्या फौजांत कही असायची. कही म्हणजे छावणीतून दाणावैरण आणायला बाहेर पडलेली टोळी. शत्रूची कही मारली की लढाई न करता फौज अर्धी होते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पानिपतावर भाऊसाहेबांची फौज उपाशी पडली, त्याच्या कितीतरी आधी दाणावैरण तुटली होती. आणि शिवाजी महाराजांचं १६७३ चं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र आहे. आमच्या मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. बाकी सगळे रयतेच्या भाजीच्या देठाचं लक्षात ठेवतात. मला त्यातलं गवत लक्षात राहिलं. पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत बेतानं वापरा, नाहीतर घोडी मरतील. कुणी चुली पेटवील, कुणी तंबाखू ओढील, दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंज्या जळून जातील. एवढ्या मोठ्या राजाला रात्रीच्या उंदराची काळजी होती. गंजी रचून झाल्यावर दादा पण रात्री दोनदा उठून बघून यायचे. मला तेव्हा हसू यायचं.

सांगायचं एवढंच की, या शहराभोवती तीनशे-साडेतीनशे वर्षं गवत म्हणजे माल होता. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली तेव्हापासून इथं सतत फौजा, घोडे, हत्ती, बैल. गवताला गिऱ्हाईक नाही असा दिवस नव्हता. तो दिवस माझ्या डोळ्यांदेखत आला.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आगंमागं वाळूज, पंढरपूर, जोगेश्वरी, रांजणगाव या गावांच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली. कुंपणं पडली. कुंपणाच्या आत शेड, रस्ता आणि उरलेल्या जागेत लॉन. लॉन हा शब्द तेव्हा नवा होता. आता आमच्याकडं रस्त्याकडेच्या प्रत्येक लग्नाच्या कार्यालयाला लॉन्स म्हणतात, मग तिथं गवताची काडी नसली तरी. पण पहिल्यांदा लॉन मी कंपनीच्या गेटातून पाहिली आणि जवळ जाऊन बघतो तर हरळी! जी हरळी शेतातून काढायला दादांनी दोन उन्हाळे कुदळीनं रान खणलं, जिची एक कांडी राहिली तर पुन्हा सगळं रान धरते, गणपतीच्या चार दिवसांत दूर्वा म्हणून जिला मान आणि बाकी वर्षभर शिव्या, ती हरळी इथं माळी पाइपानं पाणी घालून जगवत होता. पुढं कार्पेट, सिलेक्शन नंबर वन, कोरियन अशी विकतची गवतं आली. एकाही गवताला तोंड लावायला कुरणात गुरू नव्हतं. गवत आहे आणि गुरू नाही, ही गोष्ट मला फार दिवस पचली नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा शौक इंग्रज साहेबाचा. तिकडं श्रीमंतांच्या वाड्यापुढं गवत आखूड ठेवायची पद्धत होती. आधी मेंढ्या चारून आणि लांब दांड्याच्या विळ्यानं कापून हे काम होई. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं गवत कापायचं पहिलं यंत्र काढलं. तो कापडगिरण्यांच्या मुलखातला. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायला फिरत्या पात्याचं यंत्र असे, तेच त्यानं चाकावर बसवून गवतावर फिरवलं. पुढं मोठी यंत्रं ओढायला घोडे जुंपले, तर घोड्यांच्या खुरांनी गवत दबू नये म्हणून त्यांच्या पायात कातडी जोडे घालत. हे मी आमच्या गावात पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "आपल्या पायात नव्हते तवा घोड्याच्या पायात व्हते व्हय?" ताजमहालाच्या आवारातही पूर्वी दाट झाडी होती. १९०० नंतर लॉर्ड कर्झननं ती विरळ करून लॉन करवली. आपल्या बीबी का मकबऱ्यात गेलो की आता माझं लक्ष घुमटाच्या आधी गवताकडं जातं. कुणी कापलं, किती दिवसांपूर्वी, पातं बोथट होतं का, हे कळतं.

तर माझा पहिला गुत्ता. कंपनीत संप होऊन वर्षभर गेट बंद होतं. उघडलं तेव्हा साहेबाच्या ऑफिसापुढची लॉन कमरेएवढी. हरळी खाली गुदमरलेली, वर तरोटा, आघाडा, गाजरगवत, मधून बाभळीची रोपं. मी गावातल्या सोळा बाया नेल्या. माझी सख्खी चुलती, दोन मावश्या, बाकीच्या भावकीतल्या आणि वस्तीवरच्या. रोज पंचवीस रुपये. शेतकऱ्याचा हात, आम्ही तीन दिवसांत सगळं बुडापासून साफ केलं. जमीन दिसायला लागली. मला वाटलं शाबासकी मिळंल. आठ दिवसांनी साहेबानं बोलावलं. सगळी लॉन पिवळी पडली होती, मध्ये मध्ये टक्कल. सावलीत वाढलेल्या हरळीला एकदम ऊन लागलं आणि ती करपली. निम्मे पैसे अडकले.

हिमायतबागेच्या बाजूला एक म्हातारा माळी राहायचा. कुणीतरी त्याच्याकडं पाठवलं. त्यानं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मियाँ, बाल उतारने थे, तुमने खाल उतार दी." मग त्यानं समजावलं. लई वाढलेलं गवत एका दमात खाली आणायचं नाही. पहिल्या खेपेला वरचा तिसरा हिस्सा. कापलेलं लगेच उचलायचं, नाहीतर खालचं सडतं. आठ-दहा दिवस थांबायचं, पाणी द्यायचं. मग पुन्हा तिसरा हिस्सा. तीन-चार खेपांत गवताला कळतं की आता आखूड राहायचं आहे. तरोटा, गाजरगवत कापायचं नाहीच, मुळासकट उपटायचं, तेही फूल यायच्या आत आणि ओल असताना. गाजरगवत कापलं की एका फांदीच्या चार फांद्या करून येतं. हे गवतही आपलं नव्हे. अमेरिकेतून मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. पुण्यात १९५५ च्या सुमाराला पहिल्यांदा दिसलं आणि माझ्या तरुणपणी आमच्या बांधाबांधावर होतं. त्यानं बायांच्या हातावर चट्टे उठायचे, माझ्या चुलतीला त्या दिवसांत दमा लागायचा. मी जुनी पायतणं आणि गोणपाटाचे हातमोजे शिवून घेतले, तेवढंच.

म्हाताऱ्याच्या सांगण्यावर मी पुढची वीस वर्षं खाल्ली. वाढलेल्या जागेत आधी मी एकटा काठी घेऊन शिरायचो. काठी जमिनीवर आपटत, कडेकडेनं भिंतीपर्यंत. घोणस असंल तर फुस्कारते, हलत नाही. फुरसं असंल तर दिसतच नाही. त्याला उठायला वाट ठेवायची, चारी बाजूंनी घेरायचं नाही. नंतर बाया वेचायला शिरायच्या. बाटल्या, तारा, लोखंडाच्या पट्ट्या, विटा. गटाराच्या चेंबरची झाकणं गवतात कुठं आहेत ते शोधून बांबू रोवायचा. असाच एक चेंबर मला बांबूआधी पायानं सापडला. त्याचा गुडघा अजून थंडीत बोलतो.

२००३ च्या सुमाराला पाठीवरचं पेट्रोलचं मशीन आलं, पुढं दांडा आणि त्याला गरागरा फिरणारी नायलॉनची दोरी. ही कल्पनाही मजेशीर आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास नावाच्या माणसानं १९७१ साली गाडी धुणाऱ्या यंत्राचे ब्रश फिरताना पाहिले, आणि एका डब्याला मासे धरायची दोरी ओवून पहिलं मशीन केलं. एक मशीन आठ बायांचं काम करायचं. मी दोन घेतली, कर्ज काढून. सोळा बायांच्या पाच झाल्या. ज्या राहिल्या नाहीत त्यांना काय सांगितलं हे लिहायला बरं वाटत नाही. काहीच सांगितलं नाही, नुसतं बोलवायचं बंद केलं.

मशीनवर एक पोरगं होतं, भावकीतलंच. पहिल्याच वर्षी गवतातली खडी उडून त्याच्या डोळ्याला लागली. चष्मा मी आणला होता, पण घामानं धुकं येतं म्हणून तो घालत नव्हता आणि मीही रागावलो नव्हतो. घाटीत नेलं, डोळा वाचला. पण त्या डोळ्यानं त्याला कडेचं नीट दिसत नाही. तो आता रिक्षा चालवतो. भेटला की "काका" म्हणून पाया पडतो आणि मला ते नकोसं होतं.

आता दादांच्या "गडबडी"कडं येतो.

२०१२ साली पुन्हा पाऊस हुकला. मराठवाड्यात हिवाळ्यातच टँकर सुरू झाले, पुढं चारा छावण्या लागल्या. कडब्याची पेंढी ऐकवत नव्हती. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या दारात एक जोडी, एक गाय, एक कालवड. त्या नोव्हेंबरात एका कंपनीचं बोलावणं आलं. कारखाना चार-पाच वर्षं बंद, जागा बघायला गिऱ्हाईक येणार, तर अकरा एकर आवार साफ करून द्या. मी बघायला गेलो. वॉचमननं गेट उघडलं आणि मी उभाच राहिलो. उंच भिंतीच्या आत इतक्या वर्षांत एक गुरू शिरलं नव्हतं. मारवेल, पवना, शेडा, छातीला लागेल असं. दोन-तीन सालांचं एकावर एक उभं, वाळून सोन्यासारखं. बाहेर कोस-कोस काळी ढेकळं आणि आत हे.

साहेब म्हणाला, "कचरा आहे सगळा. मशीन लावा, चार दिवसांत संपवा. एकरी साडेतीन हजार."

मी विचारलं, "गवताचं काय करू साहेब?"

"काय करायचंय? न्या उचलून. इथं पेटवू नका फक्त."

दादांचं ऐकून हे लिहून घ्यायला पाहिजे होतं. घेतलं नाही.

मशीन लावायचं नाही हे मी गेटातच ठरवलं. दोरी गवताचा भुगा करते. तो भुगा मातीत मिसळतो, गुरू तोंड लावत नाही. विळ्यानं कापलं तरच पेंढी. नऊ वर्षांनी मी पुन्हा बायांच्या दारात गेलो, ज्यांना बोलवायचं बंद केलं होतं त्यांच्याही. चुलती पंचाहत्तरीची होती. ती म्हणाली, "मशीन मोडलं का रं तुझं?" मी म्हणालो, "नाही काकू, गवत चांगलं हाय." ती उठलीच. चोवीस बाया, दोनशे रुपये रोज आणि संध्याकाळी जाताना प्रत्येकीला एक भारा. भाऱ्याची अट त्यांनी घातली, मी लगेच हो म्हणालो. गवत पाहून बायांनी पहिला अर्धा तास काम केलंच नाही, नुसत्या हात फिरवत हिंडल्या. मग लागल्या. विळ्यांचा तो एकसारखा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी गेटावर अडवलं. डोक्यावर भारे घेतलेल्या चोवीस बाया आणि पुढं काठी आडवी धरलेला वॉचमन. माल बाहेर न्यायला गेटपास लागतो म्हणे. मी म्हणालो, हा माल नाही, कचरा आहे, साहेबांना विचार. फोन लागेना. अंधार पडला. चुलतीनं भारा खाली ठेवला नाही. "ठिवला तर परत उचलायचा कोनी?" म्हणाली. तासाभरानं फोन लागला आणि काठी वर झाली.

सहा दिवसांत साडेतेरा हजार पेंढ्या झाल्या. ट्रॅक्टरनं गावात आणल्या. माझ्या घरापुरत्या ठेवून बाकी सहा घरांना नुसत्या ट्रॅक्टरच्या भाड्यावर दिल्या. ही गोष्ट फिरत फिरत कंपनीपर्यंत गेली. बिल घेऊन गेलो तेव्हा साहेबाच्या टेबलावर पेपर होता, चाऱ्याच्या भावाची बातमी वर घडी घालून ठेवलेली. म्हणाला, "तुम्ही आमचं गवत विकलंत. पेंढीला एक रुपया धरला तरी साडेतेरा हजार होतात. बिलातून कापावे लागतील."

माझा हिशोब असा होता. बिल साडेअडतीस हजारांचं. बायांचे २८,८०० मी दिलेले. साडेतेरा हजार कापले तर घरातून भरायची वेळ. मी काही न बोलता घरी आलो आणि पेटी उघडली. सात-बाराच्या खाली ती पावती होती. कडा विरलेल्या, शाई तपकिरी, पण आकडा वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर ठेवली.

"साहेब, ही १९७२ ची. गवत विकत घेतलं की सरकार आम्हाला अशी पावती द्यायचं. तुम्ही पण द्या. साडेतेरा हजारांचं गवत विकलं म्हणून सही-शिक्का द्या आणि खुशाल कापा."

साहेब पावतीकडं बघत राहिला. पावती त्याला देता येत नव्हती. कंपनीच्या कागदात त्या कामाचं नाव कचरा साफ करणे असं होतं. कचऱ्याची विक्री दाखवली तर ती जमा कुठं धरायची, आणि विकत जाणारा कचरा काढायला पैसे का दिले, असं त्याला वरून विचारलं असतं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणीतरी खडसावलं असणार. म्हणाला, "ठेवून जा बिल, बघतो."

चार चकरा झाल्या. मार्चात पैसे आले, सहा हजार कमी करून. कागदावर त्यापुढं "इतर" एवढंच लिहिलेलं. ट्रॅक्टरचं डिझेल आणि विळ्यांच्या धारेचा खर्च धरला तर माझ्या हातात चहापाणी राहिलं. त्या साली आमच्या गल्लीतलं एकही जनावर छावणीत गेलं नाही आणि बाजारातही गेलं नाही.

दोन वर्षांनी मी गुत्ते सोडले. मुलगा करतो. त्याच्याकडं चार मशीनं आहेत, टेम्पो आहे, आणि त्याच्या कागदावर लँडस्केप सर्व्हिसेस असं छापलेलं आहे. आता काही कंपन्यांनी गेटापुढं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आहे. ते कापायला लागत नाही, धुवायला लागतं. त्याचाही गुत्ता तो घेतो. दारात आता जोडी नाही, पेरणी ट्रॅक्टरनं होते. एक गाय आहे.

परवा त्याला चिकलठाण्याकडच्या एका बंद शेडचा फोन आला. सहा एकर, लई वाढलंय म्हणाले. तो मशीनात पेट्रोल भरत होता. मी म्हणालो, थांब, आधी मी येतो, गवत कोणतं आहे ते बघू. तो हसला, पण टेम्पोत पुढं बसायला जागा केली. जाताना मी चार विळे मागं टाकले.